पाळणा आणि खिडकी नंबर एक

२८ डिसेंबर, सकाळी ६.१०
नव्या वर्षाची डायरी मंडपवाल्याने चार दिवस आधीच आणून दिली. म्हणून मी वर्षही चार दिवस आधी सुरू करतो. माणसाने लोकांच्या पुढे राहावं. मी राहिलो, म्हणून सायकलच्या कॅरिअरला कर्णा बांधून फिरणारा शरणप्पा आज दोन टेम्पो आणि चोवीस स्पीकर बॉक्सचा मालक आहे.

काल दाक्षायणीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. गळ्यातली थायरॉइडची गाठ काढायची ठरली. तारीख २१ जानेवारी. घाबरण्यासारखं काही नाही. फक्त आवाजाची नस त्या गाठीला घासून जाते म्हणे. आवाज काही आठवडे बसेल. एखाद्याचा कायमचा बदलतो. मी म्हटलं, डॉक्टर, आवाज हा माझा विषय आहे. ते म्हणाले, गळा माझा आहे.

घरी आल्यावर बायको चपला काढता काढता म्हणाली, मग पाळना कोन म्हननार?

मुद्दा बरोबर आहे. दानू, म्हणजे आमची लेक दानेश्वरी, पुण्यात आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलंय. त्यामुळे बाळंतपण तिकडे, बारसं तिकडे. पाळणा मात्र आमच्या घरचा लागणार. माझ्या सासूबाईंनी रचलेला, अर्धा कानडी, अर्धा मराठी. कुठे लिहिलेला नाही. एका दाक्षायणीच्या गळ्यात आहे. 'माग थांबला गं, धोटा निजला, माझाच बाळ का जागा राहिला' असं एक हातमागाचं कडवं आहे, त्यावर गल्लीतल्या बायका डोळे पुसतात. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती नावाची जागा मोकळी सोडते. आत्याने तिथे बाळाचं नाव घालायचं.

निर्णय: ऑपरेशनच्या आधी पाळणा रेकॉर्ड करणे. स्टुडिओच्या दर्जाचा. मी स्वतः. मध्ये तेवीस दिवस आहेत. काम एका दुपारचं.

दानूला फोनवर सांगितलं. आईला ती अव्वा म्हणते. म्हणाली, अप्पा, आत्ता अव्वाच्या हातातल्या फोनवर करा की, दोन मिनिटं लागतात. मी हसलो. फोनच्या माइकमध्ये माणूस लोणच्याच्या बरणीत बसून गातो. इतरांना ते कळत नाही, माझ्या कानाला कळतं. गल्लीच्या टोकाला कुणाच्या बॉक्सचा कॉइल गेलाय हे मी इथे जेवताना सांगतो.

३० डिसेंबर, दुपारी
मोडनिंबहून भीमाशंकरचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, आलं. भीमाशंकर माझा जुना दोस्त. रिक्षावरच्या जाहिराती रेकॉर्ड करायचा, आता डाळिंब करतो. मशीन जुनं आहे, पण जातिवंत. त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. रेकॉर्डिंगचा प्रोग्रामही त्याचाच, वीस वर्षं वापरलेला. मशीनच्या अंगचं साउंड कार्ड जळलंय, पण माझ्याकडे बाहेरून जोडायचं कार्ड आहे, यूएसबीची पेटी. तिच्यात माझा चांगला माइक लावायचा. झालं.

लावला. प्रोग्राम उघडला. लाल अक्षरात एक ओळ आली: /डेव्ह/डीएसपी उघडता येत नाही.

किरकोळ आहे.

१ जानेवारी, सकाळी ५.४५
संकल्प.
पाळणा पाच तारखेच्या आत.
चहा दोनच.
कमी बोलणे. माझा आवाज ही माझी गुंतवणूक आहे, ती जपून वापरणे.
भीमाशंकरला विचारल्याशिवाय मशीन स्वतः समजून घेणे.

सकाळी ९.३०
भीमाशंकरला फोन केला.

३ जानेवारी
भीमाशंकर मार्केट यार्डात आला होता, वाट वाकडी करून घरी आला. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन त्याने विषय समजावला. इथे लिहून ठेवतो, पुढे लोक मला विचारतील.

तो म्हणाला, शरणप्पा, लिनक्समधी समदं फाइलच असतंय. आवाजाचं कार्ड बी फाइल. पर ती कपाटातली फाइल न्हाय, खिडकी हाय. कचेरीत असती तशी. आत सायब बसलाय, त्याला कर्नेल म्हनतेत. प्रोग्रामला आत जायाला परवानगी न्हाय. कार्ड कुटलं, वायर कुटली, त्याला कायबी ठावं नसतंय. त्यानं खिडकी उघडायची आन आकडे सारायचे. सायब ते घिऊन कार्डाला देतंय, कार्ड बॉक्स हलवतंय. रेकॉर्डिंगला उलटं. खिडकीला हात लावून बसायचं, आतनं सेकंदाला चव्वेचाळीस हजार आकडे येतेत. ते लिहून घ्यायचे.

मी म्हटलं, मग आपली खिडकी बंद का?

तो म्हणाला, बंद न्हाय, जुनी हाय. डीएसपी हे जुन्या जमान्याचं नाव. नवीन कर्नेलनं खिडक्या दुसरीकडं नेल्या, /डेव्ह/एसएनडी नावाच्या खोलीत. माजा प्रोग्राम जुनाच पत्ता इचारतोय. तवा जुन्या पत्त्यावर एक पाटी लावायला लागती. तेला मॉड्यूल म्हनतेत.

पाटी लावली. खिडकी दिसली. जाताना तो दारातून म्हणाला, एक ध्यानात ठेव, खिडक्यांचे नंबर कायमचे नसतेत. मशीन चालू करताना जे यंत्र आदी हजर, त्याला पयली खिडकी.

मी म्हटलं, अरे, रांगेचा नियम मला सांगतोस?

दाक्षायणी आतून म्हणाली, तेवड्यात चार पाळने म्हनून झाले असते की.

५ जानेवारी, दुपारी १२
आजच व्हायचं होतं. खिडकी समोर, पण 'परवानगी नाही'.

भीमाशंकर फोनवर म्हणाला, ती खिडकी ऑडिओ नावाच्या गटाची हाय, तुजं नाव त्या गटात न्हाय.

अडतीस वर्षं या धंद्यात. सोलापुरात साउंड म्हटलं की शरणप्पा. आणि माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, ऑडिओच्या गटात माझं नाव नाही. दहा मिनिटं नुसता बसलो.

नाव घातलं. तरी परवानगी नाही. भीमाशंकर म्हणाला, एकदा बाहेर पडून परत आत ये, मग नाव लागंल. लॉगआउट म्हणायचं होतं त्याला. दाक्षायणी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, जावा की मग, घाला चपला, कोपऱ्यापतूर जाऊन या.

परत आत आलो. नाव लागलं. पण तोवर बायकोचा स्वयंपाक सुरू झाला होता आणि कुकरच्या शिट्टीत मी रेकॉर्डिंग करत नाही. तत्त्व आहे.

८ जानेवारी
मोठा दिवस! खिडकीतून आवाज बाहेर काढला.

कॅट नावाची एक आज्ञा आहे, एक फाइल उचलून दुसरीत ओतते. भीमाशंकर म्हणाला होता, कायबी ओत, सायब इचारत न्हाय, त्याला समदे आकडेच. म्हणून चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या वर्धापनदिनाचं माझं कोटेशन होतं, ते डीएसपीत ओतलं. पेटीला जोडलेल्या बॉक्समधून खर्रर्र, चर्र, मग एक लांब घुं. दाक्षायणी पळत आली, मिक्सर जळला म्हणून.

मी तिला समजावलं, हे माझं कोटेशन आहे. ती म्हणाली, तरीच कंपनी फोन करंना.

पुन्हा ओतून ऐकलं. सामान्य माणसाला ती नुसती खरखर. मला मात्र शेवटच्या ओळीतला जीएसटी वेगळा ऐकू आला.

संध्याकाळी दानूचा फोन. अव्वाचं झालं का रेकॉर्डिंग? म्हटलं, पाया पक्का करतोय. मग म्हणाली, अप्पा, अव्वाला फोन द्या. दोघी अर्धा तास कानडीत बोलल्या. माझ्याविषयी असेल तर दाक्षायणी कानडीत बोलते. मलाही कानडी येतं, हे ती चाळीस वर्षं विसरते.

१० जानेवारी, दुपारी ३
माइक आतल्या खोलीत लावला. भिंतींना गोधड्या. खिडकीला गादी. पंखा बंद. दाक्षायणीला पाटावर बसवलं. दार लोटून मी बाहेर मशीनजवळ. तिने घसा खाकरला. मी बटण दाबलं.

'साधन व्यस्त आहे.'

व्यस्त? घरात तिसरं माणूस नाही. कोण व्यस्त आहे? कर्नेल सांगत नाही. वीस मिनिटांनी भीमाशंकरने फोन उचलला, तो फवारणीत होता. म्हणाला, त्या खिडकीपाशी एका टायमाला एकच मानूस हुबं ऱ्हातंय. तूच सकाळी दुसरा कायतरी प्रोग्राम लावून सोडला असशील, तो हात काढंना.

खरं निघालं. कोटेशन परत ऐकण्यासाठी मी सकाळी एक वाजवायचा प्रोग्राम उघडला होता, तो मागे तसाच. म्हणजे मीच मला आडवा उभा होतो. बंद केला.

दार उघडून पाहिलं तर दाक्षायणी पाटावर नाही. गोधडीला टेकून झोपलेली. तोंड उघडं. झोपेत गाठ जरा जास्त दिसते. पंखा लावला.

उद्या.

११ जानेवारी
गड्डा, सिद्धेश्वराची जत्रा. तीन स्टॉलचा साउंड आणि एका पाळणेवाल्याचं अनाउन्सिंग. पाळणा म्हणजे तो लोखंडी, गोल फिरणारा. सीझन आहे, माणसाने धंदा सोडू नये.

१४ जानेवारी
संक्रांत. गर्दी तुफान. घसा बसला. माझा. मधाचं गरम पाणी दाक्षायणीने करून दिलं. तिला विचारलं, तुझा घसा कसा आहे? म्हणाली, माजा हाय अजून सात दिवस.

तिच्या बोलण्यात हल्ली काव्य येतं. रेकॉर्डिंगला चांगलं.

१६ जानेवारी
दानूने पुण्याहून एक कॅमेरा पाठवला, कुरिअरने. मशीनच्या पडद्यावर अडकवायचा. तिला अंथरुणातून अव्वाचं तोंड मोठं बघायचं आहे. अडकवला, यूएसबीत वायर घातली, मशीन बंद करून चालू केलं. दानू दिसली. तोंड सुजलंय पोरीचं. दाक्षायणी तिच्याशी बोलली. मी मागे उभा राहून लाइटिंग सुधारलं.

नंतर पाहिलं तर खिडक्या दोन झाल्यात. एक डीएसपी आणि एक डीएसपी एक. सिस्टीमने स्पेअर ठेवली असणार. टेम्पोला स्टेपनी मी पण ठेवतो. प्रोग्राम आपला नेहमीच्या डीएसपीवर आहे, त्याला हात लावला नाही. चालू गाडीचं चाक काढू नये.

१७ जानेवारी
दाक्षायणीला सर्दी.

१८ जानेवारी
सर्दीच. दानूचा फोन. आज जरा चढ्या आवाजात. अप्पा, तीन दिवस राहिले. फोनवर करा. मी तुमच्या पाया पडते. मी म्हटलं, बाळा, तुझ्या लेकराला आजीचा आवाज बरणीतला ऐकवू का? ती रडायला लागली. या दिवसांत बायका हळव्या होतात. मी फोन दाक्षायणीकडे दिला.

दाक्षायणी नंतर म्हणाली, मी म्हनते फोनवर, धरा तुमी. मी म्हटलं, एवढी तयारी केली ती पाण्यात घालू? ती म्हणाली, बरं.

तिचा माझ्यावर विश्वास आहे. अशी बायको लाखात एक.

१९ जानेवारी, सकाळी
सर्दी उतरली. आज. दुपारी दोन ते चार, गल्ली झोपलेली असते. भाजीवाल्याला आधीच सांगून आलो, आज इकडे ओरडू नको. तो म्हणाला, कोण गेलं का?

सायंकाळी ५.२०
झालं!

तपशीलवार लिहितो. माइक आत, तिच्या ओठांपासून वीतभर. गोधड्या, गादी, सगळं. दार लावलं. मी बाहेर मशीनसमोर. आधी टेस्ट. टेस्टशिवाय मी माइक कुणाच्या बापाला देत नाही. हॅलो, हॅलो, वन टू थ्री. पडद्यावरची आवाज मोजणारी सुई टणकन उडाली. परत, वन टू थ्री. परत उडाली. अशी सुई मी आयुष्यात बघितली नव्हती. माइक बंद दाराआड, मी बाहेर, तरी माझा आवाज एवढा खणखणीत पकडतोय! माइक घेताना दुकानदार म्हणाला होता, पस्तावणार नाही.

हेडफोन नाही लावला. हेडफोन ज्याला कान नाहीत त्याच्यासाठी.

मग बटण. आणि दारातून तिला, हं, म्हण. ती म्हणू लागली. बाहेर मला नीट ऐकू येत नव्हतं, गोधड्या चोख बसल्यात. पण सुईवर नजर होती. सुई पडली की मी सूचना द्यायचो: जरा वर घे, हां, आता खाली, श्वास इथे नको. म्हटलं की सुई लगेच वर. म्हणजे सूचना लागू पडत होत्या. माइक फक्त समोरचं ऐकतो, त्यामुळे मी मोकळेपणाने बोलू शकत होतो. मध्ये मंडपवाल्याचा फोन आला, तोही उरकला. सगळं मिळून एक्केचाळीस मिनिटं. सोळा कडवी, काही दोनदा.

ती बाहेर आली तेव्हा घामाने भिजली होती. पंखा बंद ना. पाटावरून उठताना भिंत धरली. म्हणाली, आलं का वो समदं? मी म्हटलं, समदं.

वाजवून दाखवणार होतो, पण डीएसपी आवाज बाहेर काढेना. आत घेते, बाहेर सोडत नाही. ८ तारखेला सोडत होती. दमली असेल. चिंता नाही, सुई खोटं बोलत नाही. फाइल डिस्कवर आहे, एक्केचाळीस मिनिटांची, वजनदार.

दानूला फोन केला. अव्वाला द्या म्हणाली. दाक्षायणी फोनवर हसली. किती दिवसांनी.

२० जानेवारी
दवाखान्यात दाखल. संध्याकाळी ती खाटेवर बसून हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. शेजारच्या खाटेवरची म्हाळसाबाई नावाची टेंभुर्णीची बाई उठून बसली. म्हणाली, लई ग्वाड हाय वो तुमचा गळा, परत म्हना की. दाक्षायणीने परत म्हटलं. माझ्या खिशात फोन होता. मला तेव्हा त्याची गरज नव्हती, मूळ मास्टर कॉपी माझ्याकडे होती.

२१ जानेवारी
ऑपरेशन साडेतीन तास. गाठ साधी निघाली. सिद्धेश्वराला नारळ.

डॉक्टर म्हणाले, नस वाचवली, पण ओढ बसलीय. बोलायचं नाही. किती दिवस? बघू.

२४ जानेवारी, सकाळी ७.०५
मुलगी झाली! दानू ठीक. दोन किलो सहाशे. दाक्षायणीला सांगितलं तेव्हा तिने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. नुसता वारा. मी पटकन म्हटलं, बोलू नको, बोलू नको, आपल्याकडे रेकॉर्डिंग आहे.

२७ जानेवारी
घरी आणलं. दाक्षायणी पाटीवर लिहून बोलते. शाळेतली पाटी, दानूची. 'दूध उतू चाललंय' असं तिने लिहून पाटी माझ्यासमोर धरेपर्यंत दूध उतू गेलेलं असतं.

बारसं ५ फेब्रुवारीला. फाइल पेनड्राइव्हवर घेतली, भीमाशंकरने सांगितलं तसं, आणि तिथून तिच्या फोनवर. मी तिला म्हटलं, पहिली श्रोती तू. हेडफोन तिच्या कानात घातले. मी समोर बसलो. तिचा चेहरा बघायचा होता.

तिने पूर्ण एक्केचाळीस मिनिटं ऐकलं. मध्ये एकदा हसली, एकदा डोळे मिटले. मग हेडफोन काढले, वायर गुंडाळली, पाटी घेतली आणि लिहिलं: तुमचा आवाज चांगला आलाय.

दुपारी १
मी ऐकलं.

दुपारी ३
भीमाशंकरला फोन केला. तो म्हणाला, कॅमेऱ्यात माइक असतोय बाबा. मशीन चालू करताना कॅमेरा आदी हजर झाला, त्याला पयली खिडकी. तुजी पेटी गेली दुसऱ्या खिडकीवर. तू पयल्या खिडकीला हात लावून बसला. कॅमेऱ्याला बॉक्स नसतोय, म्हनून आवाज भाईर येईना. म्या सांगितलं व्हतं की न्हाय?

मी म्हटलं, दुसऱ्या खिडकीतून आता ते परत मागता येईल का? साहेबाकडे प्रत असेल.

तो म्हणाला, सायब प्रत ठेवत न्हाय, शरणप्पा. कुनी इचारलं न्हाय तर आकडे येतेत आन जातेत.

२९ जानेवारी
तांत्रिकदृष्ट्या रेकॉर्डिंग यशस्वी आहे. खरखर नाही, फाट नाही, एकही आकडा गळलेला नाही. प्रश्न फक्त बॅलन्सचा. माझा आवाज पुढे, तिचा मागे. तिचा म्हणजे बंद दार आणि चार गोधड्यांपलीकडे कुणाचा तरी टीव्ही लागल्यासारखा. हे मिक्सिंगमध्ये सुटेल.

दानूला कळवलं, मिक्सिंग चालू आहे.

३१ जानेवारी
दोन आवाज एकदा एकाच माइकमध्ये शिरले की वेगळे होत नाहीत. मला माहीत होतं. अडतीस वर्षं माहीत आहे. तरी तीन दिवस करून बघितलं. माझा आवाज कमी केला की तिचाही जातो. तिचा वाढवला की मी मंडपवाल्याशी पडद्याच्या रंगावरून भांडतो, ते दुप्पट मोठ्याने.

दाक्षायणीने पाळण्याचे शब्द वहीत लिहून काढले, फोटो काढून दानूला पाठवले. मला न विचारता. शब्द गेले. चालीचं काय? मी तिला विचारलं. तिने टेबलावर बोटांनी ठेका धरला, दोन मात्रा, मग थांबली.

२ फेब्रुवारी
डॉक्टरांनी तपासलं. स्वरपडद्याची एक बाजू हलत नाही. तीन महिने थांबू, म्हणाले. बोलायची परवानगी दिली. दाक्षायणी पहिला शब्द बोलली: 'साकु.' पुरे. डॉक्टरांना की मला, ते कळलं नाही. खोल, घोगरा आवाज. गिरणीत लांबून कुणी हाक मारावी तसा. मी म्हटलं, याला बेस चांगला आहे.

३ फेब्रुवारी
दानूच्या सासूबाईंचा फोन. काळजी करू नका म्हणाल्या, आमच्यातल्या बायका आमचा पाळणा म्हणतील, फार छान म्हणतात. मी म्हटलं, उत्तम. माइक कोणता आहे? त्या म्हणाल्या, माइक कशाला?

मग दानू आली फोनवर. म्हणाली, अप्पा, जसं असेल तसं पाठवा. मी म्हटलं, जसं आहे तसं पाठवण्यासारखं नाही. ती म्हणाली, अव्वाचा कुठलाही आवाज असू दे, आधीचा. थोडा असला तरी चालेल.

४ फेब्रुवारी, सकाळी ११
पहाटे पाचला बसलो. ठरवलं, मिक्सिंग नाही, कात्री. जिथे जिथे माझा आवाज आहे ते सगळं कापायचं. उरेल ते दाक्षायणीचं. साधा हिशेब, आधी का सुचला नाही.

एक्केचाळीस मिनिटांतून सूचना काढल्या. टेस्टिंग काढलं. मंडपवाला काढला. वा वा काढलं. मी गुणगुणतो, हे मला माहीत नव्हतं. तेही काढलं. खुर्ची, खोकला, टेबलावर बोटं वाजवणं.

उरले अकरा सेकंद. मी तेव्हा बहुधा पाणी पीत होतो.

त्यात पाळणा नाही. आधी शांतता. मग लांबून, दाराआडून, तिचा जुना आवाज: अहो, ऐकताय न्हवं?

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा: अहो?

एवढंच. बऱ्याच वेळा ऐकलं. माझं उत्तर पुढच्या तुकड्यात असेल, म्हणून कापलेला भाग परत जोडून पाहिला. उत्तर नाही. पुढच्या तुकड्यात मी कुणाला तरी आवाज वर घ्यायला सांगतोय.